गाईड बघायला गेलो त्याची गोष्ट

…आन् वर हे प्रोफेसर लोक म्हणतेत, "मेल टाका!" अहो टाकले की! एक न्हाई, दोन न्हाई, एकवीस मेल टाकले! तुम्हाला सांगतो, एवढ्या चिठ्ठ्या महादेवाला लिहिल्या असत्या तर त्यो नंदीवर बसून आमच्या चाकूरला आला असता! आता तुम्ही म्हणाल, शिवलिंग, एवढी घाई कशाची? अहो, फेलोशिप मिळाली मला! दिल्लीची, परीक्षा देऊन! पण ती चालू कवा होणार? कुण्या प्रोफेसरानं "ह्याला पीएचडीला घेतो" म्हणून सही दिल्यावर. फेलोशिपच्या पत्राची मुदत तीन वर्षं. राहिले किती? अठरा दिवस! नांदेडच्या तिघा सरांचं उत्तर न्हाई, लातूरच्या गुरुपादप्पा सरांना फोन लावला तर काय म्हणले… बरोबर. मेल टाका!

शेवटी आईनं तिच्या भावाला बोलावलं. संगप्पा मामा, उदगीरला कापडाचं दुकान. मामा म्हणला, "मेलवर कुठं कामं होतेत रे येड्या? माणसानं माणसाच्या दारात जावं लागतंय. गुरुपादप्पा आपल्यातलेच हायत, चल!" सरांना फोनवर "पोराला घेऊन येतो" एवढंच म्हणला, आन् निघाला की! कडक धोतर, हातात नारळ, पेढे, सरांसाठी टॉवेल-टोपी. भर वैशाखात, लगीनसराईत! मला नवा शर्ट, कपाळाला भस्म.

लातूरला तवा रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं, ध्यानात हाय ना? लोक टाकीला कुलूप लावायचे! आन् आम्ही दारात गेलो तर सरांच्या बायकोनं, कमलम्मा बाईनं, पाय धुवायला तांब्या दिला! भरलेला! वरून प्यायला काठोकाठ गिलास! मी म्हणलं, मेल पोचले!

आता आमच्याकडं चहा व्हायच्या आधी कामाचं बोलत न्हाईत, उतावळेपणा दिसतो. म्हणून मामा गप, मी गप. सरच विचारू लागले. "शिक्षण?" एमएस्सी, सर. "शेती?" म्हणलं, सरांचा विषय भूजल, विचारणारच! सात एकर, दोन बोअर, दोन्ही आटले. "व्यसन?" न्हाई. "बहिणी किती? लग्नं झाली का?" इथं जरा खटकलं हो… पण म्हणलं, फॉर्ममधी असल कॉलम! मामा मधेच, "पोरगं लई गरीब हाय, खाली मान घालून राबंल." सर खूष! "मला असाच पाहिजे!" तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात पोह्याच्या बशा घेऊन पोरगी आली. साडी, गजरा, समोरच्या खुर्चीवर बसली. मी म्हणलं, सरांची सीनियर विद्यार्थिनी असंल! आदरानं उभा राहिलो आन् विचारलं, "ताई, तुमचं कितवं वर्ष?"

ताई!

पोरगी उठून आत गेली. सर म्हणले, "तुम्ही आलाव कशाला?" मी फाईल काढली. एकवीस मेल, एकवीस प्रिंटा! सरांनी चष्मा लावला, वाचलं… पयल्यांदाच वाचलं, बरं का! "म्हंजे तुला पीएचडी करायचीय? आम्हाला वाटलं, नोकरी हाय!"

मामा व्यापारी गडी, माघार कुठली? "आता आलोच हाओत तर दोन्ही जमवून टाका की! पोरगीबी द्या, सहीबी द्या! उदगीर जिल्हा झाला की नोकऱ्याच नोकऱ्या!"

"जिल्हा कवा होणार?"

"ह्या वर्षी होणारच!"

"मी शाळेत असल्यापासून होऊन राहिलाय!" सर उसळले. "अन् माझ्या हाताखाली आठ जण पीएचडी करतेत. थोरला बेचाळीसचा झाला, अजून तासावर शिकवतो. त्यांच्यातल्या एकाला तरी मी पोरगी देईन का?"

सरांचा राग न्हाई आला मला. खरं बोलले, त्याचा आला! ज्या पीएचडीसाठी तीन वर्षं धडपडलो, ती वाटणारा माणूसच पीएचडीवाल्याला उंबऱ्याच्या आत घेईना!

कमलम्मा बाईनं माझा अर्धा राहिलेला गिलास उचलला आन् मोगऱ्याच्या कुंडीत ओतला. निघताना मी धीर करून म्हणलं, "सर, लग्नाचं राहू द्या… सहीचं?" सर टोपी नीट करत होते. आमचीच टोपी! दार लावता लावता म्हणले… म्हणा की तुम्हीच!

टाकला. बाविसावा. आन् काय सांगू, ह्या बारीला उत्तर आलं! तासाभरात! "जागा शिल्लक नाही. मुलगी आहे. नोकरी लागली की कळवावे. मेल नको, फोन करावा."