राखणकोंडातला शेवटचा मळ्या

ऐका. ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं. मधे उठलात तर मी गप्प बसेन, मग रात्रभर तुमचं तुम्ही निस्तरा.

आपल्या खालच्या वाडीतला धाकू खापरे. बायको पोटुशी, सातवा महिना, आणि अन्नाला शिवत नव्हती. मळ्या माशाचं कालवण पाहिजे, एकच घोशा. मळ्या म्हणजे बोटाएवढा मासा. पाण्याला कितीही ओढ असू दे, दगडाला तोंडानं चिकटून राहतो. पूर्वी नदीभर होता बरं का. मग वाळूवाल्यांनी नदी खरवडून नेली, आणि तो उरला फक्त राखणकोंडात, नदीच्या त्या खोल डोहात. त्या कोंडात उन्हाळ्यात जाळं टाकायचं नाय, ही गावाची रीत. ते पुढच्या सालाचं बियाणं. बियाणं कुणी खातं का?

धाकू निघाला. भर उन्हाळ्यात, अंधार पडल्यावर, एकटाच. गळ नेला नाय गड्यानं. विहिरीत टाकतात ना ती पांढरी पावडर, ती नेली. मूठभर मासेच हवे होते त्याला. पण पावडरीला मूठभर कळतं का? कोंडभर मासे उलटे झाले. पिल्लंसुद्धा. त्यानं टोपली भरली, बाकीचे टाकले तसेच आणि फिरला माघारी.

चालतो, चालतो. मागनं आवाज. डुबुक, डुबुक. कुणी पाण्यातनं चालत यावं तसा, आणि वाट तर कोरडी ठणठणीत! मग हाक आली. धाकू, एक मासा दे की. आवाज कुणाचा? त्याच्या मेलेल्या बापाचा. हा गिऱ्हा, पाण्यातलं भूत. त्याला ओ द्यायची नाय, मागं बघायचं नाय. धाकूनं न बघता एक मासा मागं फेकला. जरा चालला, की पुन्हा डुबुक. आता आवाज बायकोचा. एक दे की. फेकला. चालतो, फेकतो, चालतो, फेकतो, आणि टोपली हलकी व्हायची सोडून जड होते. ए बाबल्या, हसू नकोस. तू असतास तर तिथंच धोतर सोडलं असतंस.

मग पायाला गार लागलं. बघतो तर गुडघाभर पाण्यात उभा. तोच कोंड! टोपली ओतली त्यानं सगळी. घे म्हणाला, सगळे घे, मला सोड.

तेव्हा गिऱ्हा पुढ्यात आला.

"मेलेले नको. जिता दे. तुझ्या घरी एक हाय ना, पाण्यात पोहणारा?"

कळलं ना कुठला? बायकोच्या पोटातला.

धाकू रडायला लागला. रडत रडत पाण्यात चाचपत सुटला, मेलेल्या माशांच्या राशीत, दगडाखाली, कपारीत. जिता मिळेना. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. आणि वरच्या अंगाला झरा पडतो, तिथं दगडाला एक मळ्या चिकटलेला. कल्ले हलत होते. सुटता सुटेना बिचारा. धाकूनं ओढून काढला आणि ओंजळ पुढं केली.

"हा घे. माझं पोर ठेव."

ओंजळ रिकामी झाली. पाणी उतरलं. धाकू रांगत घरी आला. पोर झालं, धडधाकट झालं. बायकोनं पुन्हा मासा तोंडात घातला नाय. आणि मला, खरं सांगतो, त्या मळ्याचं अजून वाईट वाटतं. कोंडात नंतर कुणाला एक दिसला नाय.

म्हणून सांगतो, राखणकोंडाच्या वाटेला रात्री जाऊ नका. गिऱ्हा अजून तिथंच आहे, अजून जिता मागतो. धाकूकडं द्यायला एक तरी मासा होता. तुम्ही काय द्याल?