माझ्या पाठीमागचा पॅक

चहा येईस्तोवर आमच्या सौर गाडीचं सांगतो. कॉलेजच्या टीमनं बनवलेली ती गाडी शर्यतीत मी चालवणार होतो, अन् बॅटरीचा पॅक माझ्या सीटच्या अगदी मागं होता.

शर्यतीला आठ दिवस उरले अन् नवे सेल कमी भरले. आमचा कॅप्टन प्रसाद म्हणाला, "मागच्या वर्षीचे जुने सेल मिसळू. नायतर गाडी शेवटपर्यंत जात नाय."

बॅटरीचं काम बघणारी वैष्णवी म्हणाली, "जुना सेल आधी संपतो. बाकीचे त्याला ओढत राहतात, मग तो तापतो."

"लई भितीस तू."

ती भांडली नाही. शेडबाहेर वाळूच्या घमेल्यात तिनं चार नव्यांच्या ओळीत एक जुना सेल जोडला, गाडीएवढा भार दिला अन् लांबून जुन्या सेलचं तापमान वाचू लागली. पन्नास. साठ. ऐंशी. आम्ही मागं सरकलो, तेवढ्यात तो सेल फुसकन फुटला अन् धूर निघाला.

प्रसादनं माझ्याकडं बघितलं. "तू काय म्हणतोस?"

"नव्यांवरच जाऊ. जेवढं जाईल तेवढं."

नवे सेल सगळीकडं पुरावेत म्हणून त्यानं स्वतः बसून पॅकमधल्या प्रत्येक गटातला एकेक सेल कमी केला.

शर्यतीत दोन फेऱ्या बाकी असताना चार्ज संपला अन् गाडी थांबली. प्रसाद पळत आला. मला वाटलं, आता मला बोल लावणार. तो सरळ मागं गेला अन् पॅकच्या पेटीवर तळहात ठेवला.

"कोमटच हाय," म्हणाला, अन् तिथंच खाली बसला.