हैबतीचा तिरक्या गुंड्यांचा सदरा

मंडळी, आज आधी तुम्हालाच एक सवाल! देवाला कपडे लागतात का हो? — नाही ना? तो तर चराचरात भरलेला! मग आज सकाळी पुजारीबुवांनी त्याला न्हाऊमाखू घालून धुतलं पीतांबर का नेसवलं? कालचंच राहू द्यायचं! कोण बघायला आलं होतं?

हसताय! माई, तुम्ही तर हसूच नका. दुपारी तुम्ही मला प्रेमानं वाढलंत, पण तुमच्या लुगड्यावर हळदीचे डाग किती, हे मोजता मोजता माझी पुरणपोळी गार झाली. आणि सूनबाई हळूच सांगत होत्या — ट्रंकेत अकरा लुगडी आहेत, एकाचीही घडी मोडलेली नाही! मी तुम्हाला विचारलं, कशाला ठेवलीत? तुम्ही म्हणालात, "चांगल्या दिवसाला लागतात बुवा!" — आणि आजचा दिवस काय वाईट आहे? पांडुरंगानं सकाळी उठवलं, दोन डोळे उघडले, दारात ऊन आणून सोडलं — हा दिवस काय पोतेऱ्यावर काढायचा?

तर सवाल असा. रोज नीटनेटकं राहणं हा माज आहे की मान आहे? श्रीमंतानं केलं तर कुणी विचारत नाही. पण गरिबानं केलं तर? — तर लोक आधी विचारतात, "ह्याच्याकडं आलं कुठनं?"

ऐका. पेटीवाले, जरा हळू घ्या. माणूस यायचाय आपला.

निंबुर्डी नावाचं गाव. गावाला ओढा, ओढ्यावर दगड, आणि त्या दगडावर साऱ्या गावाची धुणी आपटणारा हैबती परीट. बायको मैना. घरात दोन माणसं, एक गाढव आणि एक भट्टी. पण मंडळी, हा हैबती सकाळी घराबाहेर पडला की लोक वळून बघायचे! अंगात पांढराशुभ्र सदरा, नीळ अशी बेताची की नुसता भास व्हावा. बाह्या दोनदा दुमडलेल्या — तीन नाही, एक नाही, दोनदा! गळ्यात मैनेच्या जुन्या लुगड्याच्या लाल काठाचा रुमाल. आणि सदऱ्याच्या गुंड्या? तुमच्या-माझ्यासारख्या पोटावरून सरळ खाली नाहीत! डाव्या खांद्यापासून निघाल्या त्या तिरक्या उजव्या कुशीला! पंचक्रोशीत तसा सदरा दुसरा नाही. लांबून माणूस दिसायच्या आधी त्या गुंड्या दिसायच्या आणि बायका म्हणायच्या, "धुणं काढा गं, हैबती आला!"

असे सदरे त्याच्याकडं किती? दोन! एक अंगावर, एक दांडीवर. दोन्ही स्वतःच्या हातानं शिवलेले, आणि रोज स्वतःच धुवायचा. घरात वाळवायचा. मैनेलासुद्धा हात लावू द्यायचा नाही.

ती कधी चिडायची. "दगडावर दिसभर भिजायचं, आन् सदरा कडक! कुणासाठी ओ एवढं?"

हा म्हणायचा, "अगं, सूर्यनारायण रोज दारात येतो. कधी मळका आला का? मग आपण त्याच्यापुढं कसं जायचं?"

तुमच्या घरात असं कुणी म्हणालं असतं तर? — "आलं मोठं ज्ञान शिकवायला!" हो ना? जाऊ द्या.

आता काय झालं. त्या गावचे पाटील, भुजंगराव. त्यांच्या लेकीची सुपारी फुटायची होती, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं होतं, आठ दिवसांवर आली. पाटलांनी खास सदरा शिवून घेतला होता, मागच्या वर्षीच. पांढरा, भारी कापडाचा. नवं कापड ताठ असतं म्हणून एकदा हैबतीकडून धुऊन आणला. आणि आता शोधायला लागले — तर सदरा नाही!

पाटलीणबाई म्हणाल्या, "परटाकडं टाकल्याला, तो परत कुठं आला?"

मैनेला वाड्यावर बोलावलं. ती म्हणाली, "बाईसाहेब, तुमच्या हातात दिला की मी! तुम्ही तुळशीपाशी उभ्या हुतासा."

"मला न्हाई आठवत!"

झालं! मंडळी, मोठ्या घरच्या माणसाला आठवत नाही म्हटल्यावर गरिबाच्या आठवणीला कोण विचारतो?

आणि त्यातच मैनेच्या हातून एक गोष्ट घडली. हैबतीला त्या दिवशी अंगात कणकण होती. तिला वाटलं, आज ह्यांचा सदरा आपण धुवावा. बिचारीनं प्रेमानं धुतला, आणि परटाच्या हाताला जी सवय, ती कशी जाईल? उन्हानं कापड विटू नये म्हणून परीट कपडा उलटा करून वाळत घालतो. तिनंही घातला — उलटा, ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीवर!

वाटेनं चालला होता पाटलांचा गडी, शिरपा. सहज नजर गेली. बघतो तर काय — तिरक्या गुंड्या हैबतीच्या, पण पाठीच्या आतल्या बाजूला काळे तीन ठिपके!

आता तीन ठिपके म्हणजे काय? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. परटाकडं साऱ्या गावाचे कपडे, सगळे पांढरे. ओळखायचे कसे? तर बिब्ब्याच्या काळ्या तेलाची खूण! प्रत्येक घराची वेगळी. कुलकर्ण्यांची फुली, तेल्याची चंद्रकोर, वाण्याच्या दोन रेघा — आणि पाटलांचे तीन ठिपके. भट्टीत उकळा, दगडावर आपटा, बिब्बा जात नाही!

शिरपा पळतच वाड्यावर. "पाटील! तुमचा सदरा घावला! परटानं त्याच्या गुंड्या लावल्या आन् अंगात घालून फिरतोय!"

काय हो, तुम्ही असता तर काय मानलं असतं? खरं सांगा! खूण आहे, सदरा हरवलाय, आणि परीट रोज कडक कपड्यात फिरतोय. त्या आजोबांनी मान हलवली बघा — आजोबा, तुम्हीपण निंबुर्डीचेच!

सांजच्याला निरोप आला. उद्या सकाळी चावडीवर या. खरं निघालं तर साऱ्या गावाची धुणी बंद. गावचं काम तुटलं तर परटानं जायचं कुठं? दुसऱ्या गावात दुसरा परीट असतो.

मैना रात्रभर जागी होती. चूक आपली! आपण घातला तो बाहेर! सकाळी तिनं भट्टीच्या कोपऱ्यातलं, गाढवाच्या पाठीवर टाकायचं एक फाटकं बंडीवजा फडकं काढलं आणि नवऱ्यापुढं धरलं.

"आज हे घाला. तुमच्या पाया पडते! फाटक्यात बघितलं तर दया यील त्यास्नी. कडक सदऱ्यात गेलात तर म्हणतील चोरी करून वर तोरा हाय!"

हैबती थांबला. त्यानं तिचे डोळे पुसले. पण तो म्हणाला, "मैने, रोज ह्याच कापडात सूर्यापुढं उभा ऱ्हायलो. आज पाटलापुढं निराळा हैबती कशाला न्यायचा? आज फाटकं घातलं, तर रोजचं खोटं हुतं असं हुईल."

आणि त्यानं तोच सदरा घातला. गुंड्या लावल्या. बाह्या दुमडल्या — किती? — दोनदा! शाब्बास, ऐकताय म्हणायचं!

चावडीवर गाव जमलं. पाटील वर बसलेले. मैना बाहेर लिंबाखाली, पदराचं टोक दातात. ऐकू येत होतं सगळं, आणि तिला वाटत होतं काहीच ऐकू येऊ नये.

"हैबत्या, ह्या सदऱ्याला आतनं माझी खूण हाय का न्हाई?"

"हाय जी."

लिंबाखाली मैनेनं डोळेच मिटले.

"ऐकलं का रं सगळ्यांनी! स्वतःच कबूल झाला!"

"खूण हाय, पाटील. पण तुमची एकट्याची न्हाई." असं म्हणून हैबतीनं एकेक तिरकी गुंडी सोडली, सदरा काढला, उलटा केला आणि चावडीच्या मधोमध जमिनीवर पसरला.

मंडळी! काय दिसलं? वरून एकसंध पांढरा, आणि आतून? आतून साऱ्या गावाचं कापड! शिवणीवर शिवण, तुकड्याला तुकडा! पाठीला तीन ठिपके, एका बाहीला फुली, दुसरीला चंद्रकोर, कुशीला दोन रेघा!

हैबती बोलायला लागला. "धोतर फाटलं की तुम्ही मला देता. 'घे रं, बोचकं बांधायला!' धोतर मधी फाटतं, पाटील, बसून बसून. कोपरा घट्ट ऱ्हातो. मी कोपरे कापून ठेवतो. आन् खूण असती ती कोपऱ्यालाच. बिब्बा जाईना, म्हणून आत घेतला. ही पाठ तुमच्या थोरल्या आबांच्या धोतराची, त्यांच्या तेराव्याला तुम्हीच दिलं. ही बाही कुलकर्णीकाकांची. पुढं कापड पुरंना, वाण्याचा तुकडा तिरका बसला, म्हणून गुंड्या तिरक्या आल्या. मला कसली हौस हुती! पर आरशात बघितलं आन् वाटलं — बरं दिसतंय की. तवापास्नं तिरकंच करतो."

कुलकर्णीकाका वाकून फुलीवरून हात फिरवायला लागले. पाटील त्या तीन ठिपक्यांकडं बघतायत. बापाचं धोतर! स्वतः बोचक्याला टाकलेलं, आणि ह्या माणसानं ते चार वर्षं रोज धुऊन अंगावर मिरवलेलं!

पण पाटील ते पाटील. घसा खाकरून म्हणाले, "बरं, हा न्हाई. मग माझा कुठाय?"

प्रश्न रास्तच होता हो! सदरा अजून हरवलेलाच होता. मैनेनं बाहेर पुन्हा पदर दातात धरला.

आणि तेवढ्यात — जे त्या गावात कधी घडलं नव्हतं ते घडलं! खुद्द पाटलीणबाई चावडीच्या पायऱ्या चढून वर आल्या! हातात एक फडकं. तोंड उतरलेलं.

"आवो," त्या म्हणाल्या, "मैनेला बोल लावू नका. तिनं दिला हुता. तुळशीपाशीच दिला."

झालं होतं असं. सुपारीला नेसायला म्हणून बाईंनी ठेवणीतलं लुगडं काढायला घेतलं. खालची ट्रंक उघडली. त्यात कडुलिंबाचा पाला, पाल्याखाली फडकं, फडक्यात फडकं — आणि त्यात सदरा! चांगल्या दिवसासाठी इतका चांगला जपून ठेवला, की ठेवला हेच विसरल्या!

पाटलांनी उलगडला. घडीघडीवर पिवळ्या रेघा, आणि पोटाच्या उजव्या अंगाला उंदरानं पाडलेली रुपयाएवढी दोन भोकं! एकदाही अंगाला न लागलेला सदरा, मंडळी! वर्षभर त्यात पाटील नव्हते — उंदीर होता!

पाटलीणबाई सरळ लिंबाखाली गेल्या, मैनेचे दोन्ही हात धरले. "चुकलं गं माझं. तुझं ऐकायला पायजे हुतं." आणि मैना? बोलायला गेली आणि रडायलाच लागली. रात्रभर छातीवर बसलेला धोंडा उतरला ना, की माणूस आधी रडतं, मग हसतं. ती दोन्ही एकदम करत होती.

पाटील खाली उतरले. "हैबती, माफ कर. आन् आता एक कर. हा सदरा नीट करून दे. आन् — आन् तुझ्यासारख्या तिरक्या गुंड्या लाव मला!"

हैबती हसला. पहिल्यांदाच हसला त्या दिवशी. "न्हाई जी! तिरक्या गुंड्या माझ्या. मला कापड कमी पडलं, म्हणून त्या आल्या. तुम्हाला कापड कमी न्हाई, तुम्हाला भोकं पडलीत! तुमचा खिसा भोकावर यील."

आणि तसंच केलं पठ्ठ्यानं! पिवळेपणा भट्टीत काढला, भोकांवर खिसा लावला — छातीवर नाही, पोटाच्या उजव्या अंगाला! सुपारीला पाटील तो घालून उभे राहिले तेव्हा व्याही विचारतात, "ही कुठली तऱ्हा हो?" पाटील खिशात हात घालून म्हणतात, "ही आमची तऱ्हा!" आणि दुसऱ्या दिवशी शेतावरसुद्धा तोच! मरेपर्यंत भुजंगरावांचा खिसा पोटावरच राहिला आणि लोक त्यांना लांबून खिशानं ओळखायला लागले.

आणि मैना? तिनं त्याच दुपारी हैबतीचा सदरा धुतला. हैबतीनं ह्या वेळी हात लावू दिला. घेऊन गेली, ओढ्याकाठी भर वाटेवर, त्याच करवंदीच्या जाळीवर — उलटा घातला! ठिपके, फुली, चंद्रकोर, रेघा, सगळं उन्हाला! येणाऱ्याजाणाऱ्यानं खुशाल बघावं. आणि शेजारच्या दगडावर बसली पाय सोडून, किती दिवसांनी अशी निवांत.

तर मंडळी, सवाल काय होता? माज की मान? आता तुम्हीच सांगा. उंची कापड लागतं का हो? हैबतीचं तर बोचक्याचं होतं! लागतं ते एवढंच, की आपल्या वाट्याला जे आलंय — कमी आलं असेल, भोक पडलेलं असेल — ते स्वच्छ करायचं, आपल्या अंगाला शोभेल असं शिवायचं, आणि आज घालायचं! शेजारणीची साडी बघून तशीच आणू नका. तिच्या गुंड्या तिला, तुमच्या तुम्हाला!

आणि थांबा, माझंपण सांगतो, नाहीतर म्हणाल बुवा दुसऱ्यालाच शिकवतात. हे खांद्यावरचं उपरणं बघा, कडा उसवलेली. आणि ह्या पिशवीत मागच्या हरिनाम सप्ताहात तुमच्याच गावानं दिलेलं कोरं उपरणं आहे — बरोबर नऊ महिने! कशाला ठेवलं? मोठ्या कीर्तनाला! म्हणजे तुमच्यापुढचं हे कीर्तन मी छोटं मानलं की नाही? चुकलं माझं!

धरा हे जुनं, टाळकरीबुवा. हे बघा, मोडली घडी! घेतलं खांद्यावर! — कसं दिसतंय? माई, आता तुमच्या अकरा लुगड्यांचं तुम्ही बघा!

ज्यानं हे अंग दिलं, आणि रोज सकाळी नवं ऊन ल्यायला दिलं, त्याच्यासाठी सगळ्यांनी एकदा खणखणीत टाळी — विठ्ठल! विठ्ठल! विठ्ठल!