हात काढला की घुं

नाही, काकाजी, बटण फिरवून नाही जात ती घुं. फिरवा पाहिजे तर, पण मी दाखवते ना. हे पाहा — एक हात इथं, या रेकॉर्डच्या पेटीच्या पत्र्यावर, आन् एक हात त्या आवाजाच्या डब्यावर. आता ऐका. गेली ना घुं? आता हात काढते — आली. ठेवते — गेली. हसू नका, दुसऱ्या कोणाच्या हातानं होतच नाही असं. रोशनीचे पप्पा म्हणतात, तुझ्याच हातात काहीतरी आहे. म्हणून तर तुम्हाले बोलावलं, त्यांना न सांगता, म्हटलं दुरुस्त करून ठेवू, घरी आले की खुश होतील. तुम्ही ठेवून पाहता? ठेवा — अं — गेली की. तुमच्या बी हातानं गेली.

तुमचा हात कामाचा आहे, म्हणून असंल.

ही पेटी माझ्या सासऱ्यांची, देवरावबाबांची. गावी खाप्याच्या घरी होती, भीमगीतांच्या तबकड्या खोका भरून. बाबा गेले तशी यांनी इथं शहरात, बेसाच्या फ्लॅटात आणली. रोज सायंकाळी लावतात. डोळे मिटून बसतात, बाबांना आठवतात — आता अशा माणसाले काय म्हणणार, की मले शिवणक्लासले जायचं आहे? हो, सुरुवातीले चांगली वाजे. घुं नाही, काही नाही. मी पोरीले कडेवर घेऊन खाली शोभाताईकडं क्लासले जाऊ, हे वर गाणी ऐकत बसे. मंग एक दिवस सुरू झाली ही घुं. मले म्हणाले, इकडं ये, असा हात ठेव बरं — आन् बंद. मले इतकं बरं वाटलं, काय सांगू. लग्न झाल्यापासून माझ्याजवळ बस असं म्हटलेलं मले आठवत नाही. तेव्हापासून बसते मी. दोन्ही हात असे गुंतलेले, मांडीवर पोरगी. भेव वाटे — करंट माझ्यातून पोरीत गेला तर? ते म्हणत, वेडी आहेस का, काही होत नाही. परवा पोरगी दिवाणाच्या काठाकडं सरकली, मी नुसतं डोळ्यानं पाहून राहिली, ये वं बाई, इकडं ये, करत. हात काढला तेव्हा ती खाली होती, आन् इकडं घुं झाली. हे म्हणाले, अगं, हात. कपाळावर टेंगूळ आहे अजून, झोपली आहे तिकडं, उठली की दाखवते.

मागून काय काढून राहिले? वायर? कशाची वायर आहे ही? अर्थिंगची? डब्याच्या या स्क्रूले? बसते का? — चिमट्यासारखं तोंड आहे हो तिचं, बरोबर बसलं. लावा, लावा रेकॉर्ड. — बंद पडली का? नाही? चालूच आहे? गाणं सुरू व्हायचं आहे अजून? मले वाटलं बंदच पडली. इतकी चूप कशी.

हो, काढते हात. राहिले तिथंच.

मंग सुटून गेली असंल ना ती वायर? आणताना, टेम्पोत. पण आणल्यावर तर चांगली वाजे. झाडताना माझाच धक्का लागला असंल, मीच तर झाडते. काय म्हणता, चिकटवून ठेवली होती? पेटीच्या खाली? दाखवा बरं.

निळी टेप.

आमचे हे दुकानादुकानात कॅमेरे बसवतात, काकाजी. दिवसभर वायरीतच असतात. टेप लावली की टोक दुमडून ठेवतात, पुढच्या खेपी नखाले सापडावं म्हणून. पोरीच्या खेळण्याले लावली तरी दुमडतात. हे पाहा, दुमडलेलं आहे.

शोभाताई जिन्यात भेटली की म्हणे, काहून वं, क्लासले येत नाहीस, नवऱ्यानं नाही म्हटलं का? मी म्हणे, छे, ते तसे नाहीत, आमच्या घरी असं नाही. आन् खरंच कधी नाही म्हटलं नाही काकाजी त्यानं. एकदाही नाही. नको जाऊ म्हटलं असतं तर मी भांडली असती, माझ्या आईले बोलावलं असतं, रडली असती. भांडायले जागाच नाही ठेवली. जवळ बस म्हटलं. मी सातवी शिकलेली, मले काय समजते वायरीतलं, आन् जवळ बस म्हटल्यावर कोण मागं वाकून पाहते? बाबांचं गाणं लावून, डोळे मिटून — उघडे असतील, मीच खाली पाहत असंन. शोभाताई धरमपेठच्या दुकानात ब्लाऊज शिवते, म्हणाली होती, बाह्या बसवायले शिक, तुलेही तिथं कामाले लावून देते. त्या जागेवर आता क्लासमधल्या चारुलताले नेते म्हणून राहिली. मी शेजारणीले सांगत फिरली की यांना माझ्याशिवाय गाणं गोड लागत नाही. शेजारीणही हसली असंल का? नाही, तिले काय माहीत.

काय म्हणता, दुसरं काही कारण असंल? कोणतं? सांगा ना. तुम्ही माणूस आहात, तुम्हाले सुचत असंल एखादं.

पाने पिशवीत भरून राहिले का?

एक करा काकाजी, होती तशीच चिकटवून द्या ती खाली. माझं लहान लेकरू आहे, मले तमाशा नाही करायचा. टेप हीच लावा, टोक दुमडा — थांबा. नका. राहू द्या स्क्रूलेच. स्क्रू अजून आवळा. हातानं नाही, पान्यानं आवळा. सायंकाळी सुई ठेवंल तो, घुं येणार नाही, मंग मले हाक मारायले त्याले दुसरं काहीतरी शोधावं लागंल. शोधू दे. मी खाली शोभाताईकडं असंन, पोरीले घेऊन. चारुलता मशीनवर बसली असंल तर बसू दे, मी बाजूले उभी राहीन.

निघा आता तुम्ही. नाही, त्यांना फोन करून सांगायचं काही नाही. दार हळू ओढा, लेकरू झोपलं आहे.