मेंढरांचा आकडा

माझं माहेर बी सांगोल्याकडचं, सासर बी तिकडचंच. दोन्हीकडं पाऊस बेताचा न् मेंढरं भरपूर. लगीन झाल्यापासनं निम्मं वरीस मेंढरांमागं, भीमेच्या काठाकाठानं, न् निम्मं घरी. पोरगी एकच, अश्विनी, ती तेवढी शाळेपायी आजीजवळ ऱ्हायली. मेंढरं भरपूर म्हणलं मी, पर आमच्या घरात त्यांचा आकडा तोंडातनं काढत न्हाईत. सासऱ्यांपासनची रीत. आकडा सांगितला की नजर लागती, कळप घटतो. सांजचं मेंढरं कोंडताना मालक नुसतं बघत्यात, एक कमी असलं तरी कळतं त्यास्नी, पर मोजत न्हाईत.

तर अश्विनीचा डॉक्टरकीला नंबर लागला, हितं सोलापुरातल्या खाजगी कॉलेजात. काय सांगू तुम्हाला, पेढे वाटायच्या आदी फीचा कागुद आला. शिष्यवृत्ती हाय, पर ती निम्म्या फीची न् ती बी मागनं मिळणार. बाकीची फी, हॉस्टेल, मेस आमच्या माथी. म्हणून बँकेत गेलो, शिक्षणाचं कर्ज मागायला.

साहेब भला माणूस, आदी पाणी दिलं. जमीन किती म्हणाला, मालक म्हणले दोन एकर कोरडवाहू. मेंढरं किती म्हणाला, मालक म्हणले हायती की, देवाच्या दयेनं. साहेब हसला, म्हणाला देवाच्या दयेनं किती, मालक म्हणले पोटापुरती. असं तीनदा झालं. मग त्यानं पेन ठिवलं न् म्हणाला, बाबा, उत्पन्न कागदावर दिसलं नाही तर मी कर्ज कशावर देऊ. अश्विनी बापाकडं बघत हुती. अप्पा सांगा, एवढं बी म्हणली न्हाय ती, तिला रीत ठाव हुती की. फी भरायला चार दिस ऱ्हायले हुते, न्हायतर जागा दुसऱ्याला जाणार.

येताना एसटीत मला लई राग आला, मालकांचा बी न् त्या रीतीचा बी. मेंढरं मी बी राखली की, कोकरं माझ्या पदराखाली वाढली, मनातल्या मनात आकडा मला बी ठाव हुता. दुसऱ्या दिशी परत गेलो. साहेबानं तोंड उघडायच्या आदी मीच म्हणलं, एकशे बारा. मालकांनी मान खाली घातली. साहेबानं लिवून घेतलं, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणा म्हणाला, तो आणला, कर्ज झालं.

न् त्याच पावसाळ्यात रोग आला, चौदा मेंढरं गेली. सासूबाई बोलायच्या बंद झाल्या. मला बी वाटलं माझ्याच जिभेनं खाल्ली, भाकर गोड लागंना. अश्विनी फोनवर म्हणली, आई, लस टोचली हुती का. कुठली टोचतीय. लसवाले वस्तीवर आले त्या दिशी आमी बँकेत बसलेलो. मी मालकांना सांगितलं, जिभेनं न्हाय, लस चुकली म्हणून गेली. त्यांनी ऐकून घेतलं, व्हय म्हणले न्हाईत न् न्हाय बी म्हणले न्हाईत.

शिष्यवृत्तीला दरसाली उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यापायी तलाठी बी तेच विचारतो, मेंढरं किती. त्यानं विचारायच्या आदी मालक उठत्यात, पाणी पिऊन येतो म्हणत्यात न् भाईर जात्यात. मी आकडा सांगते, मग ते येत्यात. कधी वाकडा शब्द न्हाय.

आता अश्विनी शेवटच्या वर्साला हाय. ह्या खेपंला बी मालक भाईर गेले. मी म्हणलं, एकशे चार. तर खिडकीपल्याडनं त्यांचाच आवाज आला, कालची तीन कोकरं धरली न्हाईस. तलाठी लिवायचा थांबला. एवढ्या वर्सांत मालक पहिल्यांदा आकड्यात बोलले.

कर्ज फिटायला अजून लई दिस हायती, पोरगी फेडंल. तुमी हे समदं लिवून घेतलंय, आकडा बी लिवला असंल. असू द्या. पर वाचताना तेवढा मनातल्या मनात वाचा.