धाकलीच्या तीन रिकाम्या चौकटी

माझं माहेर सुरगाण्याच्या वरच्या अंगाला, सासर पण तिकडंच, दोन डोंगर सोडून, म्हणजे मी काय लांब गेलेली बाई नाय. बा माझा भात-नागली करायचा आणि मोहळ काढायचा. धूर घेऊन झाडावर चढला की पोळ्याचा मधानं भरलेला फुगीर कांदा तेवढा कापायचा, आणि पिल्लांचं पोळं तसंच फांदीला ठेवून खाली यायचा. मी म्हणायची, बा, ते पण काढ की. तर म्हणायचा, त्यांचं त्यांना राहू दे, पोरी, आपण पाहुणे. ते माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

मग मी म्हातारी झाल्यावर गावात मधाचं शिकवायला एक सर आले आणि माझ्याकडं तीन पेट्या आल्या, सातेरी माश्यांच्या, पेटीत पाळतात त्या. मी त्यांना थोरली, मधली, धाकली म्हणते. सून हसते, म्हणते आईंना तीन जावा मिळाल्या. थांबा ताई, तुम्ही बसा, मी जरा पेट्यांखालच्या वाट्या बघून येते.

हां. पाणी हाय. पेटीच्या चार पायांखाली चार वाट्या ठेवायच्या आणि पाणी भरायचं, म्हणजे मुंगळा चढत नाय. पण वाऱ्यानं गवताची एक काडी जरी पेटीला टेकली ना, तरी त्यांचा पूल होतो. म्हणून मला बसवत नाय. दिवसातनं किती वेळा उठते, काय सांगू तुम्हाला.

आमच्याकडं पावसात फूल नसतं. माशीनं खायचं काय? मग एक वाटी साखर, एक वाटी पाणी, उकळायचं, गार करायचं, दिवेलागणीला पेटीच्या आत ठेवायचं आणि वरून गवताच्या काड्या टाकायच्या, नायतर बुडून मरतात. दिवसा द्यायचं नाय आणि बाहेर थेंब सांडायचा नाय, वासानं जोरातली पेटी कमजोर पेटीला लुटायला येते. थोरली लय दांडगी हाय, धाकलीला लुटायला तिला वेळ लागायचा नाय. सून म्हणते, घरच्यांना बिनसाखरेचा चहा आणि माश्यांना पाक. मी म्हणते, तू बोलून मागतेस, त्या बोलत नायत.

हे सगळं मी नीट केलं. एक नाय केलं. सरांनी सांगितलं होतं, पावसात माशी कमी होते, मग जेवढी पोळी माशी झाकते तेवढ्याच चौकटी, म्हणजे पोळं बांधायच्या लाकडी पट्ट्या, आत ठेवा, रिकाम्या काढून घ्या, नायतर मेण खाणारा मेणकिडा शिरतो. मी मान हलवली, हो सर म्हणलं, आणि काढल्या नायत. हात होईना ना. त्यांनी बांधलेलं घर मी कसं काढू, बा असता तर काय म्हणाला असता.

मागच्या श्रावणात मधली उघडली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं जाळं, पोळ्यात मेणकिड्याच्या अळ्या वळवळतायत, आणि माशी एक नाय. मी झाकण लावलं आणि घरात सांगितलं, माश्या उडून गेल्या, माश्याच त्या, मनाला येईल तिकडं जातात. कुणी काय विचारलं नाय. पण वर्षभर मला त्या पेटीकडं बघवत नव्हतं.

आणि या वर्षी धाकलीचं तेच. पाच चौकटी, माशी दोनावर, तीन रिकाम्या. मला दिसत होतं, तरी रोज म्हणायची, आज ठेवते, उद्या बघू. परवा सून माझ्यासंगं आली, झाकण मी धरलं होतं, तिनं वाकून बघितलं. कडेच्या चौकटीला बोटभर जाळं. ती हळूच म्हणाली,

"आई, मधलीचं पण असंच झालं होतं ना?"

तिला माहीत होतं, ताई. वर्षभर माहीत होतं आणि ती बोलली नव्हती. मी नुसती मान हलवली. तिनं विचारलं, काढू का मी? म्हणलं, काढ. मी झाकण धरून उभी, आणि ती एकेक चौकट झटकून काढत गेली, तिन्ही. मग तळाची फळी खरवडली, सगळा कचरा गोळा केला. जाळं लागलेलं पोळं ती चुलीत टाकायला निघाली तर म्हणलं, दे इकडं, ते मी टाकते. टाकलं. मेणाचा वास सुटला, अगदी बाच्या सदऱ्याला यायचा तसा. मी मनात म्हणलं, बा, तू फांदीला ठेवलेलं पोळं पिल्लांनी भरलेलं होतं रे, मी रिकामं ठेवत बसले.

आता धाकली दोन चौकटींवर हाय. दाटीनं बसलीय. काल पाक सगळा संपवला, पण राणी अंडी घालतेय का ते नीट दिसलं नाय, डोळे माझे असे. पलीकडच्या उतारावर खुरासणी, आमचं तेलाचं पीक, कळ्यांवर हाय. पिवळं फूल उघडेपर्यंत ही तगली तर तगली. सून म्हणते तगेल. मला काय सांगता येत नाय.

तुम्ही चहा घ्या, बिनसाखरेचा हाय, राग नका मानू. तुमचं घर माणसांनी दाट भरलेलं राहो. मी आलेच, वारा सुटलाय, गवत बघून येते.