विश्राम मिस्त्रीची गन

माउली, कीर्तनाला आलात, आनंद आहे! पण आज आधी मी विचारणार, तुम्ही सांगायचं. हातात बळ आलं — मग ते वापरायचं किती? देवानं दिलंय म्हणून सगळंच लावायचं? सांगा की! जेवून आलात वाटतं सगळे!

मग ऐका. घाटाच्या पायथ्याला विश्राम मिस्त्रीचं गॅरेज. तीस वर्षं माणूस मोटारीखाली! पाना ओढून ओढून उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, "आता जोर लावलात, तर हात वर व्हायचा नाही." हात गेला तर गॅरेज गेलं! मग त्यानं ठरवलं — बॅटरीवर चालणारी, नट खोलायची गन घ्यायची.

गेला कोल्हापूरला. आणि मंडळी, जाताना काय घेऊन गेला? पोत्यात घालून गंजकं हब, चाक ज्यावर बसतं ते! नटांसकट! ठेवलं धाडकन काउंटरवर. दुकानदार उडालाच!

"अहो मिस्त्री, हे काय?"

"परीक्षा घ्यायचीय. दाखवा गन."

दुकानदारानं सगळ्यात मोठी काढली. "ही घ्या! हजार न्यूटन-मीटरची ताकद!"

"लहान मोटारीच्या चाकाला लागते शंभराच्या आसपास. हजाराचं काय करू? चाक कोल्हापुरात, नट रत्नागिरीत!"

आपण कसं घेतो? डब्यावरचा आकडा बघून! आणि हा बहाद्दर? एकेक गन दुखऱ्या हातात धरून हात लांब केला, अन् अकरा वेळा रामनाम! मोठी चौथ्या नामालाच खाली ठेवली. मधली होती, ती अकराव्यापर्यंत टिकली. तिनं गंजका नट फिरवला — सुटला! वेग कमी-जास्त होतो? होतो. हीच बॅटरी ड्रिलला बसते? बसते. वर गनसाठीच्या काळ्या, जाड गोट्या — नटावर बसतात ते सॉकेट हो! — मागून घेतल्या. चकचकीत गोटी या दणक्यानं फुटते, हे त्याला ठाऊक. अशी पारख आपण जावई निवडताना तरी करतो का हो?

पण माउली, शहाणाच चुकतो! गन आली आणि मिस्त्री लहान पोर झाला. घर्रर्र — सुटलं! घर्रर्र — बसलं! आजवरची रीत काय? नट आधी हातानं लावायचा, आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं. माप भरलं की तो पाना 'टक्' म्हणतो — बास! पण आता कोण थांबतंय त्या टक् साठी? पूर्ण वेगावर घर्रर्र!

पंधरा दिवसांनी फोन. आरोग्यकेंद्राची रेश्मा सिस्टर. घाटात एकटी, चाक पंक्चर, गाडीत बाळांच्या लसींचा डबा, त्यातला बर्फ वितळतोय! मिस्त्री गन घेऊन धावला.

"बघा ना मिस्त्री, पान्यावर उभी राहिले! पाना वाकला, पण नट हलत नाही!"

"कुठल्या गाढवानं आवळलेत एवढे?"

"अहो, तुम्हीच की! मागल्या सोमवारी!"

काय झालं असेल त्या माणसाचं! गन लावली, दोन मिनिटांत चाक बदललं. सिस्टर हात जोडून म्हणाली, "देवासारखे आलात!" आणि गेली. तिला कळलंसुद्धा नाही, की तिला अडकवलं होतं ते याच देवानं!

घरी ताट पुढ्यात, घास उतरेना. बायको पार्वती म्हणाली, "कुणाला कळलंय? उगा बोललात, तर तीस वर्षांचं नाव जाईल."

"अगं, तिनं आभार मानले! तेच गिळवत नाही मला."

सकाळी गॅरेजच्या फळीवर खडूनं लिहिलं: 'पंधरा दिवसांत माझ्याकडून चाक बसवलेल्यांनी परत या. नट जास्त आवळलेत. चूक माझी. — विश्राम.'

चारचौघांत! स्वतःच्या हातानं! मंडळी, आपण घरातसुद्धा 'चुकलो' म्हणत नाही हो! मला तर त्या फळीपुढे पागोटं काढून ठेवावंसं वाटतं!

अकरा गाड्या आल्या. गननं नट सोडवले, दोन ताणलेले बोल्ट पदरच्या पैशानं बदलले, आणि मग टॉर्क पान्यानं — उजवा दुखला की डाव्या हातानं — टक्! टक्! सिस्टरची गाडी शेवटची. मिस्त्रीनं तिच्याच डिकीत नवा पाना ठेवला होता, तो तिच्या हाती दिला. "एक नट सोडवून दाखवा."

"मी?"

"घाटात मी नसेन, सिस्टर."

तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. नट कुरकुरला — आणि सुटला! "सुटला हो!" म्हणून ती हसली, आणि मिस्त्रीचे डोळे भरले. त्यानं तो नट पुन्हा मापात आवळला. तेव्हापासून तिथली रीतच झाली: गिऱ्हाइकानं एक नट स्वतः सोडवल्याशिवाय गाडी बाहेर जात नाही. आणि नाव? गेलं कसलं! आता लोक घाट उतरून शोधत येतात.

आता तुम्ही, दादा! हसू नका, तुम्हालाच म्हणतोय. घरात तुमचा शब्द चालतो. पोरीला दम भरलात, 'त्या घरी पाऊल टाकायचं नाही!' भावाला सुनावलंत, 'तोंड दाखवू नकोस!' — घर्रर्र! पूर्ण वेगावर! बळ होतं ना! पण ते नट त्यांच्या हातांनी सुटतील का हो? बिचारे घाटात उभे आहेत! आवळलंत तुम्ही, माउली, तर सोडवायलाही तुम्हीच जायचं. आज, घरी पोचल्याबरोबर. इथं माझ्या पाया पडत बसू नका, भावाला फोन आधी लावा — बोला, राम!